पत्रकावरचे नाव

भाऊबीज झाली की पुण्या-मुंबईकडची दिवाळी संपते. आकाशकंदील उतरवले जातात, फराळाच्या डब्यांचे तळ दिसू लागतात आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. वैनगंगेच्या काठची धामधूम मात्र त्याच दिवशी सुरू होते. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, आणि गावोगावच्या मंडईच्या तारखा ठरू लागतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा या भागातल्या एसटी स्टँडच्या आणि पानठेल्यांच्या भिंती रंगीबेरंगी पोस्टरांनी भरून जातात. वर भडक अक्षरांत नाटकाचे नाव, त्याखाली चेहरे, चेहऱ्यांखाली नावे, आणि सर्वांत खाली गाव, तारीख व तिकिटाचे दर. आजची रात्र कोणाची, हे त्या कागदावरून ठरते.

झाडी म्हणजे जंगल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे आणि नागपूरचा पूर्वेकडील थोडा भाग मिळून झाडीपट्टी होते. पैकी गडचिरोली जिल्हा 1982 सालापर्यंत चंद्रपूरचाच भाग होता, आणि आजही त्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक भूभागावर वन आहे. अशा मुलखात दिवाळी ते होळी या साडेचार-पाच महिन्यांत रात्रीमागून रात्री नाटके होतात. ही नाटके कोणत्याही सरकारी नाट्यगृहात होत नाहीत. कापणी झालेल्या शेतात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पेंडॉल उभा राहतो, रात्री दहाच्या सुमारास नांदी होते आणि भरतवाक्याला पूर्वेकडे फटफटलेले असते. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घर भरलेले असते, आणि कितीतरी सोयरिकींचे पहिले बोलणे याच मंडईत होते.

याला नाटक म्हणतात खरे, पण झाडीपट्टीचा प्रेक्षक नुसते संवाद ऐकायला रात्रभर थंडीत बसत नाही. त्याला गाणे लागते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि मराठी माणसाला नाटकातल्या गाण्याची गोडी लावली. पुढे शहरांनी ती गोडी हळूहळू सोडली. आता तिथे संगीत नाटक म्हणजे कौतुकाने करायचे पुनरुज्जीवन. झाडीने ती सोडली नाही. रंगमंचाच्या पायथ्याशी आजही ऑर्गन किंवा पेटी असते, शेजारी तबला-ढोलकी असते, आणि नव्या काळाचे ऑक्टोपॅडही येऊन बसलेले असते. बाप मरतानाच्या प्रसंगी गाणे असते, प्रेमाच्या प्रसंगी असते, आणि मध्येच लावणीही असते. म्हणून झाडीपट्टीचा हंगाम हा एका परीने महाराष्ट्रातला सर्वांत लांबलचक संगीत महोत्सवच आहे. शहरातला महोत्सव शनिवार-रविवारी आटोपतो, हा पाच महिने चालतो, एवढाच फरक.

एवढाच म्हटले, पण आणखी एक फरक आहे. कलावंतांची यादी कशी लागते आणि त्या यादीत कोण कुठे बसतो, हा तो फरक.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव घ्या. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली तो सुरू केला. तिथली यादी जाहीर झाली की रसिक ती वर्तमानपत्रातून कापून जवळ ठेवतात. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलींचा जुना संकेत असा, की नवे गवई आधी गातात आणि सर्वांत ज्येष्ठ सर्वांत शेवटी. घराणे, गुरू, वय आणि तयारी यांवरून क्रम लागतो. तबल्यावर कोण, पेटीवर कोण हेही यादीत असते, कारण जाणकार श्रोता तेही पाहून तिकीट काढतो.

झाडीपट्टीच्या पोस्टरवरचा क्रम बाजार ठरवतो. सर्वांत वर, सर्वांत मोठ्या फोटोत असतो बाहेरून आलेला पाहुणा कलावंत. मुंबईच्या एखाद्या चित्रपटात किंवा मालिकेत दिसलेला चेहरा. त्याच्याखाली झाडीचे स्वतःचे नायक-नायिका आणि खलनायक. मग विनोदी नट, ज्याच्यावाचून इथे नाटक उभेच राहत नाही. मग लावणीला उभ्या राहणाऱ्या मुली. त्यांचा फोटो मोठा असतो, नाव असलेच तर बारीक असते. आणि अगदी तळाशी, जागा उरली तर, संगीत साथ. प्रॉम्प्टर, रंगभूषा करणारा, पडदा ओढणारा यांच्यापर्यंत कागद बहुधा पोचतच नाही.

आता प्रत्यक्ष रात्री काय होते ते पाहावे. देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडी वडसा, हे या व्यवसायाचे केंद्र. गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणारी रेल्वे या गावावरून जाते, नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. चारी बाजूंच्या गावकऱ्यांना सोयीचे, म्हणून नाट्यकंपन्यांनी इथे कार्यालये थाटली. हंगामाआधी गावोगावच्या मंडळांची माणसे इथे येतात, पोस्टर पाहतात, कोणते नाटक, कोण नट, किती पैसे याची घासाघीस करतात आणि तारीख बांधून जातात. एकेका मंडईला एकाच गावात दोन-दोन, तीन-तीन मंडळे आपापले नाटक लावतात, तेव्हा चढाओढ आलीच. कलावंत नाइटवर काम करतो. आज या गावी एका नाटकात भाऊ, उद्या पन्नास कोसांवर दुसऱ्या नाटकात दरोडेखोर. पाहुण्या नटाच्या हाती नक्कल पडते ती कधी कधी आदल्याच दिवशी. तालमीला वेळ नसतो.

अशा वेळी रात्र सांभाळते ती पोस्टरच्या तळाची माणसे. प्रॉम्प्टर आडोशाला बसून ओळीमागून ओळ पुरवतो. नट अडखळला की ऑर्गनवाला एक सूर भरून ती फट बुजवतो. नायिकेचा आवाज थंडीने बसला असेल तर न सांगता पट्टी खाली आणतो. ढोलकीवाल्याला चाळीस नाटकांच्या चाली पाठ असाव्या लागतात, कारण उद्या कोणते नाटक वाट्याला येईल याचा भरवसा नसतो. वरची नावे रोज बदलतात. खालची बदलत नाहीत, म्हणूनच वरच्यांना बदलणे परवडते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण पोस्टरच नव्हते. दंडार आणि खडी गंमत हे झाडीचे जुने खेळ. दंडारीत गावचीच पोरे नाचायची, गावचाच म्हातारा गाणे सांगायचा. खडी गंमतीत शाहीर, ढोलकीवाला आणि स्त्रीवेषातला नाच्या उभ्या उभ्याच रात्र जागवायचे. कोण गातो हे छापायची गरज नव्हती. तो कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, किती एकरांचा धनी, हे सगळ्या गावाला ठाऊक असे. पुढे नाटक आले, स्त्रीभूमिकांसाठी स्त्रिया आल्या, कंपन्या आल्या, तिकीट आले. कलावंत परगावचा झाला, आणि त्याची ओळख म्हणून छापील नाव आले. छापील नाव आले तसे न छापलेले नावही आले.

नाव छापले काय आणि न छापले काय, बिदागी मिळाली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढली आहेत, त्यामुळे मला हे म्हणणे पटत नाही. कागदाचे मोल बँकवाल्याइतके कोणाला कळणार? कर्जाच्या अर्जात व्यवसायाचा रकाना असतो. झाडीतला नट तिथे ‘शेती’ लिहितो आणि सात-बारा जोडतो. जमीन नसलेला वादक ‘मजुरी’ लिहितो. ऑर्गन वाजवतो, असे लिहिले तर पुढचा प्रश्न येणार, की पगारपत्रक कुठे आहे? पाच महिने जागरण, सात महिने रोवणी-निंदणी, आणि दोन्हींचा मिळून एकही कागद नाही. ना भविष्यनिर्वाह निधी, ना सेवापुस्तक.

राज्य सरकार वयोवृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देते. योजना चांगली आहे. पण त्यासाठी आपण अमुक वर्षे कलेची सेवा केली, याचा पुरावा जोडावा लागतो. पुरावा म्हणजे काय? प्रशस्तिपत्रे, वर्तमानपत्रातली कात्रणे, आणि आपले नाव असलेली पत्रके. ज्याचे नाव तीस वर्षांत कधी पत्रकावर आलेच नाही, त्याने काय जोडावे? हजारो माणसांनी त्याची ढोलकी ऐकलेली असते, पण हजार माणसांचे कान काही फाईलला टाचता येत नाहीत. शहरातल्या माणसाला पासबुक असते, तसे झाडीच्या कलावंताला पत्रक. त्यात नोंद झाली तरच ती रात्र त्याच्या खात्यावर जमा.

या अंधारात एक दिवा लागला तो 2023 साली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे शेतकरी-नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका, असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. झाडीचे दादा कोंडके म्हणून ओळखला जाणारा हा विनोदी नट पोस्टरवर मधल्या ओळीतला. त्याला दिल्लीने वरच्या ओळीत नेले. त्या दिवशी साऱ्या झाडीला आपलेच नाव छापून आल्यासारखे वाटले असेल, तर नवल नाही. पण पद्मश्री एकाला मिळते. त्या पाच हजार रात्रींत त्यांच्या पायाशी बसून ज्यांनी साथ केली, त्यांची यादी आज कोणी करू म्हटले तरी होणे कठीण.

मंडळांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. गावची मंडळे काही धनाढ्य नाहीत. वर्गणी करायची, पेंडॉल घालायचा, कंपनीचे पैसे मोजायचे आणि तिकिटावर भरवसा ठेवायचा. चार पैसे उरले तर देवळाला, शाळेला, गावच्या एखाद्या कामाला. अवकाळी पाऊस आला तर पेंडॉलमध्ये चिखल आणि अंगावर तोटा. शंकरपटाची गर्दी हा नाटकांचा मोठा आधार. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा तो आधार गेला. 2021च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि 2023 साली घटनापीठाने ती कायम केली. मध्यंतरी करोनाने तर सगळ्या रंगभूमीलाच कुलूप लावले. एवढे सोसून जे मंडळ पुन्हा उभे राहते, त्याने पाहुण्या नटाचा फोटो मोठा छापला तर त्याला दोष कसा देणार? तो चेहरा पाहूनच पलीकडच्या गावचे लोक ट्रॅक्टर भरून येतात, आणि त्या गर्दीवर ढोलकीवाल्याचीही चूल पेटते.

तेव्हा वरचा फोटो लहान करा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. तळाशी चार ओळी वाढवा, एवढेच म्हणणे आहे. ऑर्गन, तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड, प्रॉम्प्टर, रंगभूषा, नेपथ्य, आणि लावणीच्या मुलींची पूर्ण नावे. शाईचा खर्च असा कितीसा वाढणार? कंपनीशी बोलणी करताना मंडळाने एवढी एक अट घातली तरी पुरे. आणि गावच्या वाचनालयात किंवा शाळेत दरवर्षीच्या पत्रकांची एक फाईल ठेवली, तर वीस वर्षांनी कोणी म्हातारा पुरावा शोधत आला, तर त्याला रिकाम्या हाताने परत जावे लागणार नाही.

नागपूर-पुण्यात स्थिरावलेली झाडीची मुले मंडईला गावी जातात. मुलाबाळांना घेऊन पेंडॉलमध्ये बसतात, पहाटे डोळे चोळत घरी येतात. पुढच्या वेळी पेंडॉलच्या दाराशी पत्रक हातात पडले की ते तळाकडून वर वाचावे. खाली नाव नसेल तर मध्यंतरात रंगमंचाच्या पायथ्याशी जावे, ऑर्गनवाल्याला एक चहा द्यावा आणि त्याचे नाव विचारून त्या कागदावर पेनाने लिहावे. तारीख आणि गाव तिथे छापलेले असतेच.