धुरावर उगवणारी बाग

लग्नाच्या मंडपातला जरबेरा, सोसायटीच्या कुंपणावरचा फिकट निळा प्लंबॅगो, बाल्कनीत लोंबणारा स्पायडर प्लँट, बंगल्याच्या दाराशी केशरी-निळी चोच उघडून बसलेला बर्ड ऑफ पॅराडाइज आणि गणपतीच्या सजावटीतला ग्लॅडिओलस. या मंडळींचं माहेर एकच, दक्षिण आफ्रिका. जरबेऱ्याची गोष्ट तर फारच गमतीची. 1880 च्या दशकात बार्बर्टन या सोन्याच्या खाणींच्या गावाजवळ जेम्सन नावाच्या दर्बानच्या व्यापाऱ्याला हे फूल दिसलं. तिथून ते दर्बानच्या वनस्पती उद्यानात गेलं, पुढे इंग्लंडला. तिथे त्याचा संकर झाला आणि फिरत फिरत आता ते आपल्या तळेगावच्या पॉलिहाऊसमध्ये रांगेत उभं आहे. सोनं शोधणाऱ्यांपैकी किती जणांचं नशीब फळफळलं कोण जाणे, फुलाचं मात्र फळफळलं!

माझी मुलगी केपटाऊनला राहते, त्यामुळे एक-दोन वर्षांआड तीन-चार महिने माझा मुक्काम तिथे असतो. आयुष्यभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे तिथे गेल्यावर समुद्राआधी मी लोकांच्या बागा पाहू लागले. जिथून जगाला इतकी फुलं गेली, तिथल्या घरांपुढे दिसायचे गुलाब, हायड्रेंजिया आणि हिरवीगार हिरवळ. साहेबाला आपल्या गावची आठवण यायची, म्हणून त्याने आपल्या गावची बाग लावली. भोवतीच्या डोंगरावरची झुडपं म्हणजे रान. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला गुलमोहर आणि टेकड्यांवर गिरिपुष्प लावताना करंज-पांगाऱ्याला आपण विसरलो, त्यातलाच हा प्रकार.

हा थाट मोडला तो दुष्काळाने. 1 फेब्रुवारी 2018 पासून केपटाऊनमध्ये माणशी दिवसाला 50 लिटर पाण्याची मर्यादा आली. नळ कोरडे पडण्याच्या दिवसाची भीती घराघरात होती. आंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासाला वापरणं आपल्यातल्या अनेकांना नवं नाही. पण तिथल्या सुखवस्तू वस्त्यांना तो धक्का होता. हिरवळी पिवळ्या पडल्या, हायड्रेंजिया माना टाकून मेले आणि डोंगरावरचं 'रान' मात्र जसंच्या तसं. त्यानंतर रोपवाटिकांमध्ये लोक 'इथलं काही आहे का?' असं विचारू लागले. 

खरं तर पाण्याचं हे गणित जाणकारांनी आधीच मांडलं होतं. एकोणिसाव्या शतकात वाळूचे ढिगारे थोपवायला ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभळीच्या जातभाईंनी डोंगरदऱ्या व्यापल्या आणि ओढ्यांचं पाणी पिऊन टाकलं. ती तोडून पाणी मोकळं करायची आणि त्यातून गरिबांना रोजगार द्यायचा, ही मोहीम 1995 साली सुरू केली ती जलमंत्री कादर अस्माल यांनी. ते भारतीय वंशाचे. (आणि हो, आपली घाणेरी तिथेही आहे आणि तिथेही ती उपटून टाकायच्याच यादीत आहे.)

टेबल माउंटनच्या पूर्व उतारावर कर्स्टनबॉशचं वनस्पती उद्यान आहे. 1913 साली ते स्थापन झालं तेच मुळी देशी वनस्पतींसाठी. त्या काळात ही कल्पना वेडेपणाची वाटली असणार. केपच्या या कोपऱ्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी जागेत, सुमारे 9,000 जातींच्या फुलझाडांची नोंद आहे आणि त्यातल्या जवळजवळ 70 टक्के जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. बारीक, चिवट पानांच्या या झुडपांच्या रानाला तिथे 'फाइनबॉस' म्हणतात. 

मुलीच्या घराजवळ एक छोटी रोपवाटिका आहे. तिथला वयस्कर माळी मला 'आंटी' म्हणायचा. केपच्या जुन्या वस्त्यांमध्ये वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. मी प्रोटियाचं रोप उचललं आणि शेणखत किती घालायचं ते विचारलं, तर त्याने दोन्ही हात वर केले. "आंटी, खत घालाल तर महिन्यात मराल! म्हणजे झाड मरेल." त्याचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. लक्षावधी वर्षं निकस, आंबट वाळूत वाढलेल्या या झाडांनी मातीतला कणभर फॉस्फरस ओढून घ्यायला ब्रशच्या केसांसारखी बारीक मुळं तयार केली आहेत. त्यांना भरपूर फॉस्फरस दिला तर ती तो थांबवू शकत नाहीत आणि विषबाधा होते. उपाशी राहायला शिकलेल्याला पंगतीत बसवण्यासारखं! मुळं वरच्यावर असतात म्हणून खुरपंही लावायचं नाही. तण दिसलं तर वरून कापायचं आणि पालापाचोळा पसरायचा. इतकं न करणं आपल्या हातांना फार कठीण जातं.

पण खरी नवलाई बी रुजवण्यात आहे. फाइनबॉस दर दहा-वीस वर्षांनी उन्हाळ्यात जळतं आणि वणव्यानंतरच्या पावसाळ्यात जमीन रोपांनी भरून जाते. बरीच वर्षं लोकांना वाटायचं, उष्णतेने बी फुटत असेल. काही बियांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण अनेक बिया कितीही तापवा, ढिम्म. 1990 साली डी लांग आणि बूशे या तिथल्या दोन शास्त्रज्ञांनी एका दुर्मिळ झुडपाच्या बियांवर प्रयोग करून दाखवलं की बी जागं होतं ते धुराने. मग कर्स्टनबॉशमध्ये नेव्हिल ब्राउन यांनी एकामागून एक जातींवर धूर दिला आणि वर्षानुवर्षं हट्ट धरून बसलेली बियाणी उगवली. धुरातला नेमका पदार्थ 2004 साली सापडला. गंमत म्हणजे त्याचा परिणाम वणव्याशी काही नातं नसलेल्या लेट्यूसच्या बियांवरही होतो.

करायची रीत अगदी घरगुती. पिंपात वाळका नि ओला झुडूपपाला जाळायचा, नळीने धूर प्लॅस्टिकच्या तंबूत सोडायचा आणि आत बी पेरलेले ट्रे ठेवायचे. तेवढंही नको असेल तर धुराच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद मिळतो. तो वाटीभर पाण्यात टाकून बी दिवसभर भिजत घालायचं आणि पेरायचं. पेरणी मार्च-एप्रिलमध्ये, कारण तिथे पाऊस थंडीत, जून ते ऑगस्ट पडतो. दिवस ऊबदार आणि रात्री गार झाल्या की बियांना 'आता हरकत नाही' असं वाटतं.

टाचण्या खोचलेल्या उशीसारखं दिसणाऱ्या पिनकुशनच्या बियांचं आणखीच निराळं. त्यांना मुंग्यांसाठी खाऊ चिकटवलेला असतो. देशी मुंग्या बी वारुळात नेतात, खाऊ खातात आणि बी जमिनीखाली सुरक्षित राहतं. आता अर्जेंटिनातून आलेल्या मुंग्या जागच्या जागी खाऊ फस्त करतात आणि बी उंदरांसाठी उघड्यावर टाकून जातात. परकेपणा म्हणजे नेमकं काय, ते इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

हे सगळं छंद म्हणून ठीक, पण फांदी रुजवण्याच्या साध्या कलेवर एखाद्या जातीचं अस्तित्व टांगलेलं असतं, हे मला तिथे कळलं. एरिका व्हर्टिसिलाटा नावाचं एक झुडूप आहे, गुलाबी नळीसारख्या फुलांचे झुबके येणारं. केपटाऊनच्या सखल, वाळूच्या भागात ते वाढायचं. तिथे घरं झाली, फुलंही तोडून विकली गेली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते रानातून संपलं. मग 1984 साली त्याचं एक झाड सापडलं ते कुठे, तर हजाराहून अधिक किलोमीटरवर, प्रिटोरियाच्या एका बागेत! नंतर कर्स्टनबॉशमध्येच एक मिळालं. आणि तिकडे व्हिएन्नाला, ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या जुन्या संग्रहात, माळ्यांच्या पिढ्यांनी दोनशेहून अधिक वर्षं फांद्या लावून लावून ते जिवंत ठेवलेलं होतं. त्या माळ्यांना त्याचं रान संपल्याची खबरही नसेल.

कर्स्टनबॉशच्या रोपवाटिकेत अँथनी हिचकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विखुरलेली भावंडं गोळा केली. फांदीपासून केलेलं रोप म्हणजे त्याच झाडाची हुबेहूब नक्कल. एकाच्याच हजार नकला केल्या तरी कुटुंब होत नाही, म्हणून वेगवेगळी झाडं हवीत. शेंड्याची बोटाच्या दोन पेरांएवढी काडी, खालची पानं हलकेच काढलेली, मुळं फुटायची पावडर, निचऱ्याचं मिश्रण आणि वरून पाण्याचा धुक्यासारखा फवारा. 1994 साली ही रोपं रोंडेफ्ले या राखीव जागेत लावली. पुढे केनिलवर्थच्या रेसकोर्सवरही. घोड्यांच्या धावपट्टीने वेढलेल्या मधल्या मैदानावर कुणी घरं बांधली नाहीत, म्हणून तिथे जुनं रान शिल्लक होतं. फुलं आली की त्यांवर शिंजीर येतात, पण माणसाने लावलेलं जगणं वेगळं आणि स्वतःचं बी टाकून पुन्हा उगवणं वेगळं. त्या रोपांची खरी परीक्षा तीच.

सगळ्यांनाच अशी भावंडं मिळत नाहीत. 1895 साली नाताळच्या एन्गोये जंगलात वुड यांना एक सायकॅड सापडला. नर होता. त्या जातीची मादी आजपर्यंत कुणाला दिसलेली नाही. जगभरच्या बागांतली त्याची झाडं म्हणजे त्याच नराला बुंध्याशी फुटलेली पिल्लं. कर्स्टनबॉशमधलं झाड मी लोखंडी पिंजऱ्याआड पाहिलं. 2014 साली त्याच उद्यानातून वीसहून अधिक दुर्मिळ सायकॅड चोरीला गेले, तेव्हा पिंजऱ्याचं कारण विचारावं लागलं नाही. अलीकडे नामाक्वालँडमधून बोराएवढ्या रसाळ झाडांची तस्करी सुरू आहे. खडकावर शेकडो वर्षांत जमलेली वसाहत एका पिशवीत मावते. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेली रोपं स्वस्तात मिळाली तर चोराची गिऱ्हाइकं थोडी तरी कमी होतील, असं माझं मत आहे. अर्थात काहींना चोरलेलंच हवं असतं.

येताना "आई, एखादी फांदी नेतेस का पिशवीतून?" असं मुलगी दर वेळी विचारते आणि मी नाही म्हणते. परवान्याशिवाय रोपं-बिया आणता येत नाहीत आणि आणूही नयेत. घाणेरीही कुणीतरी हौसेनेच आणली होती. शिवाय प्रोटिया आपल्या काळ्या मातीत आणि आषाढातल्या चिखलात टिकायचा नाही. 

ज्यांना हौस आहे त्यांनी जवळच्या नर्सरीत 'जेड' मागावं. लालसर दांडा आणि नखाएवढी गोल पानं असतील, तर बहुधा तो जेड नसून स्पेकबूम असतो. पूर्व केपमधल्या हत्तींचं हे आवडतं खाद्य. हत्तींनी खाताना पाडलेल्या फांद्याही जमिनीवर पडल्या जागी मुळं धरतात. तुम्ही वीतभर फांदी तोडा, सावलीत चार दिवस पडू द्या म्हणजे जखम सुकेल, आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचा. आठवडाभर पाणी घालायचं नाही. घरात कुणी हळूच घालत असेल तर झारी लपवून ठेवा.