राखलेले रान

वैशाखाच्या दुपारी सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या खेड्यात जावे. भोवतालचे डोंगर उघडेबोडके झालेले असतात आणि वाटेवरची माती पायांना पोळत असते. अशा वेळी गावाच्या सीमेवर हिरव्यागार वृक्षांचा एक दाट पुंजका दृष्टीस पडतो. आत पाऊल टाकताच ऊन मागे राहते. पायांखाली पाचोळ्याचा मऊ थर लागतो. दोरखंडासारख्या जाड गारंबीच्या वेली एका वृक्षावरून दुसऱ्या वृक्षावर गेलेल्या दिसतात. काळकाई, वाघजाई, सोमजाई अशा एखाद्या ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या या वनाला देवराई म्हणतात.

देवराईचा नियम साधा, पण कडक असतो. तेथील झाड तोडावयाचे नाही. कित्येक ठिकाणी तर वाळलेली काटकीही घरी न्यावयाची नाही. नियम मोडणाऱ्यावर देवीचा कोप होतो, अशी गावकऱ्यांची श्रद्धा. त्या श्रद्धेमुळे, कुंपण किंवा पहारेकरी नसतानाही, पिढ्यान् पिढ्या कुऱ्हाड देवराईच्या सीमेबाहेरच थांबली.

शास्त्रज्ञ वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. इतरत्र दुर्मीळ झालेल्या वनस्पती या रायांत टिकून राहिल्याचे त्यातून लोकांच्या ध्यानात आले. पाचोळ्याखालची भुसभुशीत माती पावसाचे पाणी मुरवून घेते. म्हणून पुष्कळ देवरायांत झरे असतात. जुन्या वृक्षाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते आणि नर तिला बाहेरून फळे भरवतो. एवढी मोठी ढोली कोवळ्या झाडाला नसते. तिच्यासाठी वृक्षाला म्हातारे होऊ द्यावे लागते.

परंतु जे रान भीतीने राखले, ते भीती ओसरल्यावर कसे टिकेल? काही गावांत देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसा हवा म्हणून देवराईतील झाडेच विकली गेली. देव राहिला, त्याची राई मात्र गेली!

कोणी म्हणेल, ‘भीती नको, उपयोग पाहा. झाडे पाणी देतात, सावली देतात. म्हणून ती राखावी.’ हे खरेच आहे. पण उपयोगाचा हिशेब माणसाच्या गरजेप्रमाणे बदलतो. जो केवळ झऱ्यासाठी वृक्ष राखतो, तो घरात नळ आल्यावर त्याच वृक्षाची किंमत लाकडाच्या भावाने करू लागतो. शिवाय, धनेशाचा आपल्याला काय उपयोग, असे कोणी विचारल्यास काय उत्तर द्यावे?

येथे एक जुना मराठी ग्रंथ आपल्या साहाय्यास येतो. रामचंद्रपंत अमात्य यांनी इ. स. १७१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आला आहे. आंबा व फणस यांचे लाकूडही गलबतांच्या कामाचे. तरीही त्या झाडांना हात लावू देऊ नये, असे अमात्य बजावतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात आणि ती तोडल्यास तिच्या दुःखाला पार राहत नाही, असे कारण ते देतात. झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच ते तोडावे. बळजोरी मुळीच करू नये. राज्याची गरज मोठी होती, हे त्यांना ठाऊक होते. पण गरज मोठी झाली म्हणून दुसऱ्याचे दुःख लहान होत नाही, हा विवेक त्यांनी सोडला नाही.

आता हाच विवेक देवराईला लावून पाहू. तोडण्यापूर्वी धन्याला विचारावे. पण देवराईचा धनी कोण? ज्यांनी ती राखली ते पूर्वज आज नाहीत. ज्यांना तिची गरज पडेल ती बालके अजून जन्मली नाहीत. ढोलीतील धनेशाला वाचा नाही. ज्यांची संमती घ्यावयाची, त्यांच्यापैकी एकही बोलू शकत नाही. अशा वेळी, विचारायला कोणी नाही म्हणून ते सारे आपलेच, असे समजणे न्यायाचे ठरेल काय? उलट, जे बोलू शकत नाहीत त्यांच्या वतीने आपणच विचार केला पाहिजे. संपत्तीचे मालक होऊ नका, विश्वस्त व्हा, असे महात्मा गांधी सांगत, ते याच अर्थाने रानालाही लागू पडते. १९७६ साली झालेल्या घटनादुरुस्तीने वने, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांवर दया करणे हे प्रत्येक भारतीय नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले आहे.

याचा अर्थ झाडाला कधीच हात लावू नये, असा नव्हे. चुलीला सरपण हवे, घराला वासा हवा. अमात्यांनीही तोड सर्वस्वी वर्ज्य केली नव्हती. घेण्यापूर्वी क्षणभर थांबून ‘हे कोणाचे? मला खरोखर किती हवे? माझ्यामागून येणाऱ्याला काय उरेल?’ असे स्वतःला विचारावे, एवढेच सांगणे आहे.

मुलांनो, देवीच्या कोपाचे भय तुमच्या मनात असो वा नसो. हे तीन प्रश्न जर मनात राहिले, तर कुऱ्हाड आजही देवराईच्या सीमेवरच थांबेल.