देवनागरी पाठातील शब्दशोध: अग्रदृष्टी व पश्चदृष्टी

मराठी पाठसंग्रहात ‘वर’ हा शब्द स्वतंत्रपणे किती वेळा येतो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. संगणकीय शोधाच्या नियमित पदावलीत, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, शब्दसीमेचे एक तयार चिन्ह असते; ते दोन्ही बाजूंस लावले की काम भागावे. परंतु पायथन भाषेच्या अंगभूत पदावलीत काना, वेलांटी, उकार यांची गणना शब्दघटक वर्णांत होत नाही. त्यामुळे ‘घरावर’ यातील कान्यापाशीच शब्द संपतो, आणि वरातीतला ‘वर’ही वेगळा काढून मोजला जातो. अशा मोजणीवर रचलेली वारंवारतेची कोष्टके निरुपयोगीच म्हणावी लागतील.

यावर सहज सुचणारा उपाय असा, की ‘वर’च्या मागेपुढे देवनागरीबाहेरचे एकेक चिन्ह असावे, अशी अट घालावी. हाही उपाय फसतो. ‘वर वर’ या द्विरुक्तीत मधली मोकळी जागा पहिल्या जुळणीतच खर्ची पडते आणि दुसरा ‘वर’ निसटतो. पाठाच्या अगदी आरंभी वा अखेरीस आलेला शब्द तर सापडतच नाही.

येथे लुकअहेड व लुकबिहाइंड, म्हणजे अग्रदृष्टी व पश्चदृष्टी, उपयोगी पडतात. त्या शेजारचे वर्ण केवळ पाहतात, जुळणीत सामावून घेत नाहीत. निषेधात्मक रूपात ही पदावली (?<![…])वर(?![…]) अशी होईल, चौकटी कंसात देवनागरी वर्ण व स्वरचिन्हे यांचा संच घालावयाचा. मात्र युनिकोडचा सबंध देवनागरी विभाग त्यात घालू नये. दंड व दुहेरी दंड याच विभागात असल्याने चरणाच्या शेवटी दंडाला लागून आलेला ‘वर’ गळेल. जुन्या काव्यग्रंथांच्या अभ्यासकास हे विशेष जाचेल.

पर्ल भाषेत अग्रदृष्टी 1994 साली आली, पश्चदृष्टी 1998 साली. जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात पश्चदृष्टीस 2018 पर्यंत स्थान नव्हते. या विलंबास कारण आहे: मागे नेमके किती वर्ण जावयाचे, हे यंत्रास ठरवावे लागते. पायथनच्या अंगभूत पदावलीत म्हणूनच पश्चदृष्टीची लांबी निश्चित असावी लागते. वरील संच एकाच वर्णाचा असल्याने तेथे अडचण येत नाही. गो भाषेच्या अंगभूत पदावलीत मात्र, शोधाचा काळ पाठाच्या लांबीच्या प्रमाणातच राहावा म्हणून, दोन्ही दृष्टी वगळल्या आहेत. तेथे प्रत्येक ‘वर’ शोधून त्याचे शेजारी वर्ण स्वतंत्रपणे तपासावे लागतात.