ठिबकचा पंप आणि गरोदरपणातली साखर

रावेरहून एका वाचक ताईंनी विचारलंय: सातव्या महिन्यात शुगर निघाली, सासूबाईंनी केळी बंद केली. वजन जेमतेम, माहेरी कुणाला साखर नाही, मग मलाच का?

केळीच्या बागेत राहणाऱ्यांना हे ठिबकवरून चटकन कळेल. नळ्यांत क्षार बसले की ड्रिपर चोक होतात आणि तेवढंच पाणी पोचवायला पंपाला जास्त दाब द्यावा लागतो. गरोदरपणी हे क्षाराचं काम वार करते. तिची हार्मोन्स आईच्या पेशींना इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. यात वारेचा स्वार्थ आहे: आईच्या रक्तात साखर रेंगाळली की बाळाला खुराक मिळतो. (क्षारांना एवढी अक्कल नसते!) बहुतेक जणींचं स्वादुपिंड दुपटीहून जास्त इन्सुलिन काढून निभावून नेतं. ज्यांच्या पंपाची अश्वशक्ती मुळातच बेताची, त्यांची साखर चढते. केळ्यांनी पंप बिघडत नाही.

आणि बारीक असण्याचं म्हणाल, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. आयांचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास, बाळं 2.7 किलोची. इंग्लंडच्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी भरले, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे बारीक अंगातही स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असू शकते; वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

माझे खरे लाडके शास्त्रज्ञ मात्र चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या. त्यांची तपासणी अगदी साधी: खाऊन आलात तरी चालेल, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्या, दोन तासांनी रक्त द्या. 140 किंवा वर आलं की निदान. शिरपूर-चोपड्याकडच्या पाड्यावरून सकाळची एसटी धरून आलेल्या बाईला ‘उद्या उपाशीपोटी या’ सांगणं म्हणजे ‘येऊच नका’ सांगण्यासारखं आहे. केंद्र सरकारने हीच पद्धत स्वीकारली: पहिल्या भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. उपाशीपोटी रक्त घेणाऱ्या तपासणीच्या मानाने हिच्यातून काही जणी निसटतात, हा टीकाकारांचा आक्षेप खरा आहे. पण परत न येणारी बाई त्या काटेकोर तपासणीतूनही निसटतेच. दंडावर चिकटवायच्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या जाहिराती पाहताना मला हा ग्लुकोजचा ग्लास हटकून आठवतो.

आता केळ्याचं. पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून काळे ठिपके पडलेलं केळ आणि शिकरण नको. जरा कमी पिकलेलं, लहानसं, जेवणावर नव्हे तर मधल्या वेळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा आणि खाल्ल्यावर साखर मोजून बघा. कळण्याच्या भाकरीत उडीद असल्याने ती तांदळापेक्षा बरी, पण तीही मोजूनच.

बाळंतपणात वार पडते आणि बहुतेकींची साखर उतरते. पंपाची कुवत मात्र तेवढीच राहते. पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका अशा बायकांना बराच जास्त. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तेच ग्लुकोज प्यायचं असतं. बहुतेक जणी तेव्हा माहेरी असतात आणि ते राहून जातं. पण बाळाचा दीड महिन्याचा डोस नेमका त्याच वेळी येतो. त्या दिवशी ताईंनी आपल्या तपासणीचंही आधीच ठरवून ठेवावं.