डॉक्टरेटची खट्याळ परतफेड

ठाण्याहून निघालेली धीमी लोकल भांडुपला पोचते न पोचते, तेवढ्या वेळात एक ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदाची छोटी रचना, संपतं. कोपरी ते स्टेशन चालतानाही ते पुरं ऐकून होईल. एवढ्याशा वेळात एका संगीतकाराने अख्ख्या विद्यापीठाच्या गांभीर्याला गुदगुल्या केल्या!

ब्रेसलाऊ विद्यापीठाने 1879 साली योहानेस ब्राह्म्सला मानद डॉक्टरेट दिली. गंभीर संगीतातला जर्मनीचा अग्रणी, असा त्याचा गौरव केला. त्याने आभाराचं साधं पोस्टकार्ड धाडलं. ब्रेसलाऊतला वाद्यवृंद-संचालक बर्नहार्ड शोल्झ याने सुचवलं की, विद्यापीठाला रचनेची अपेक्षा आहे. 1880 च्या उन्हाळ्यात इशलमध्ये ब्राह्म्सने हे ओव्हर्चर लिहिलं आणि 4 जानेवारी 1881 रोजी ब्रेसलाऊत स्वतःच सादर केलं. समोर मानकरी प्राध्यापक, आणि वाद्यवृंदातून उमटत होती विद्यार्थ्यांची मैफलीतली गाणी!

गंमत आहे ती वाद्यांच्या निवडीत. सरकारने येना इथली विद्यार्थी संघटना मोडल्यावर 1819 साली जन्मलेलं गाणं तो ट्रम्पेटवर देतो, पण हळू आवाजात, जणू एखादी निषिद्ध गोष्ट कुजबुजावी तसं. आणि नवख्या विद्यार्थ्यांची टर उडवणारं गाणं? ते दोन बासूनांच्या नाकातल्या, ठेचकाळत चालणाऱ्या स्वरांत. माझ्या मते सगळ्या ओव्हर्चरचा प्राण याच जागेत आहे. शब्द नाहीत, तरी हसू येतंच. त्याच्या चारही सिंफनींत कुठे नसलेला बास ड्रम आणि झांजाही इथे हजर आहेत.

हा माणूस स्वतः कधी विद्यापीठात शिकला नव्हता. 1853 च्या उन्हाळ्यात व्हायोलिनवादक योआखिमबरोबर ग्यॉटिंगनला राहिला, तेव्हा त्याला विद्यार्थिजीवनाची चव मिळाली. त्या मुक्कामातली मस्ती सत्तावीस वर्षं त्याच्या मनात टिकली.

शेवटी ‘गाउदेआमुस’ येतं. तारुण्य सरेल, मग माती आपल्याला घेईल, असं सांगणारं जुनं विद्यार्थिगीत. ब्राह्म्सने तिथे सूर जराही उदास होऊ दिलेला नाही. ब्रास वाद्यं ते गाणं छाती भरून वाजवतात आणि व्हायोलिनं त्यांच्याभोवती वर-खाली नुसती धावत सुटतात.