मोसमपूर्व वादळी पाऊस आणि दीर्घकाळ खंडित वीजपुरवठा : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. पाऊस कमी, परंतु शेती मोठ्या प्रमाणावर बागायती, असे येथील चित्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला नीरा डावा कालवा, उजनी जलाशयाचा फुगवटा आणि असंख्य विहिरी यांच्या बळावर येथे ऊस, द्राक्षे, डाळिंब ही पिके उभी राहिली व त्यांच्या जोडीला दुग्धव्यवसाय वाढला. विहिरीतील पाणी मोटारीने उपसावे लागते, दूध यंत्राने थंड करावे लागते आणि गावाची पाण्याची टाकीही पंपानेच भरावी लागते. त्यामुळे वीज दोन-तीन दिवस गेली तर प्रश्न केवळ अंधाराचा राहत नाही. प्रस्तुत लेखात हंगामाच्या प्रारंभी येणाऱ्या वादळी पावसामुळे वीजपुरवठा दीर्घकाळ का खंडित होतो आणि त्या काळात ग्रामीण कुटुंबाला कोणत्या उपायांचा आधार घेता येतो, याचा विचार केला आहे.

हंगामाचा पहिला तडाखा

सन २०२५ मध्ये नैऋत्य मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईतील त्याचे नेहमीचे आगमन ११ जूनच्या सुमारास होते. त्याच दोन दिवसांत बारामती व इंदापूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नीरा डावा कालवा फुटला आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या या दोन्ही तालुक्यांत पाठवाव्या लागल्या. जेथे एरवी टँकरची मागणी होत असते, तेथे मे महिन्यात बचाव पथके यावीत, हा विरोधाभास बोलका आहे.

पहिल्याच पावसाने वीज का जाते, असा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि त्यामागे सामान्यतः देखभालीचा अभाव हे एकच कारण सांगितले जाते. ते काही अंशी खरे असले तरी पुरेसे नाही. उन्हाळाभर वीजवाहिन्यांवरील चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धुळीचा थर साचतो. कोरडी धूळ वीज वाहून नेत नाही; पण रिमझिम पावसाने ती ओली झाली की तिच्यातून प्रवाह खांबाकडे उतरतो. शिवाय तापलेल्या इन्सुलेटरवर पावसाचे थंड थेंब पडताच त्याला बारीक तडे जातात. हे तडे खालून दिसत नाहीत, त्यामुळे लाइनमनला रात्री एकेक खांब तपासत जावे लागते. दुसरे कारण जमिनीत आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पाण्याने फुगते. काँक्रीटचा आधार न दिलेला खांब या काळात सर्वांत सैल असतो. त्यातच वळवाच्या पावसापूर्वी सुटणारा वारा बाभळीच्या आणि निलगिरीच्या फांद्या तारांवर आणून टाकतो.

हंगामाच्या आरंभी येणारे वादळ मध्यावरील वादळापेक्षा अधिक हानी करते, हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य भागात अवेळी हिमवादळ झाले. त्या वेळी झाडांची पाने अद्याप गळालेली नव्हती. पानांवर ओला बर्फ साचून फांद्या मोडल्या, त्या तारांवर कोसळल्या आणि तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. कनेक्टिकट राज्यात काही घरे आठवड्याहून अधिक काळ अंधारात होती. जानेवारीत तेवढाच बर्फ निष्पर्ण झाडांवर पडला असता तर एवढी हानी झाली नसती. बर्फ आणि वळीव यांत साम्य काहीच नाही. परंतु निसर्गाची आणि यंत्रणेची तयारी होण्यापूर्वीच तडाखा बसणे, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे.

वीज परत येण्याचा क्रम

पुरवठा पूर्ववत होण्याचा क्रम ठरलेला असतो. प्रथम अतिउच्चदाब उपकेंद्रे, मग ३३ केव्ही वाहिन्या, त्यानंतर गावोगावची उपकेंद्रे, २२ किंवा ११ केव्ही फीडर, त्यांवरील रोहित्रे (म्हणजे बोलीभाषेतील डीपी) आणि शेवटी घरापर्यंतची लघुदाब तार. एका फीडरच्या दुरुस्तीने अनेक गावे उजळतात, तर वस्तीवरील एका खांबाच्या दुरुस्तीने चार घरे. म्हणून पहिले काम आधी हाती घेतले जाते. हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु या दोन तालुक्यांत कितीतरी कुटुंबे गावठाणात न राहता शेतातील वस्तीवर राहतात आणि प्रत्येक वादळात तीच कुटुंबे रांगेच्या शेवटी उभी असतात. गावठाणात दिवे लागले म्हणजे वीज आली, असे कागदोपत्री मानले जाते, तेव्हा वस्तीवर अंधारच असतो.

भारनियमनाच्या काळाचा वारसा

या भागाला विजेविना राहण्याची सवय नाही, असे नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तेव्हा राज्यात विजेची तीव्र टंचाई होती आणि ग्रामीण भागात काही काळ बारा तासांहून अधिक भारनियमन होत असे. २००६ मध्ये पुणे शहराने उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांची वीज अधिक दराने वापरून भारनियमनातून सुटका करून घेतली. जिल्ह्याच्या ग्रामीण भागाला तो मार्ग उपलब्ध नव्हता. तेथे अक्षय प्रकाश योजनेसारखे उपाय आले. गावाने एकत्र येऊन संध्याकाळच्या वेळी शेतीपंप चालवायचे नाहीत असे ठरवायचे आणि त्या बदल्यात घरांना दिव्यांपुरती वीज मिळवायची, असे तिचे स्वरूप होते. पुढे गावठाण फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे करण्यात आले. एका शेतकऱ्याने गुपचूप कॅपॅसिटर लावून मोटार चालवली तरी साऱ्या गावाची वीज जात असे. त्यामुळे ती योजना तांत्रिक कमी आणि सामाजिक अधिक होती, असे म्हणावे लागते.

मात्र भारनियमनाला वेळापत्रक होते. वीज पहाटे तीनला येणार हे ठाऊक असल्याने गिरणी, पाणी, पिकाची पाळी यांची आखणी करता येत असे. वादळानंतरच्या खंडिततेला वेळापत्रक नसते. आणखी एक बदल नोंदवावा लागेल. त्या काळात घरोघरी कंदील, चिमणी आणि रेशनचे रॉकेल होते. आज रेशनचे रॉकेल जवळजवळ संपुष्टात आले आहे, कित्येक हातपंप नादुरुस्त आहेत आणि विहिरींवरील मोटेची जागा केव्हाच मोटारीने घेतली आहे. वीज अधिक भरवशाची झाली तसतशी तिच्यावाचून जगण्याची साधने घरातून नाहीशी झाली.

दूध आणि पाणी

जोरदार पाऊस झाल्यावर उसाला चार दिवस पाणी दिले नाही तरी बिघडत नाही. खरी अडचण गोठ्यात उद्भवते. काढलेले दूध गाईच्या शरीराच्या तापमानाचे असते आणि ते शक्य तितक्या लवकर ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते. उष्ण हवेत दुधातील जिवाणूंची संख्या अर्ध्या-पाऊण तासातही दुप्पट होऊ शकते. गावातील संकलन केंद्रावर शीतकरण यंत्र आणि डिझेल जनित्र असेल तर दूध वाचते. ते नसेल, अथवा रस्त्यावर पाणी असल्याने टँकर पोहोचला नाही, तर दूध नाकारले जाते आणि तोटा उत्पादकाच्या पदरी पडतो. अशा वेळी दूध तत्काळ तापवून खवा, पनीर किंवा तूप करणे हाच घरगुती मार्ग उरतो. त्यासाठी चूल व सरपण लागते, आणि पावसाने सरपण भिजलेले असते. दूध केंद्रावर नेईपर्यंत किटल्या विहिरीच्या गार पाण्यात ठेवणे, त्यांच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळणे यांमुळे तास-दोन तासांची मुदत वाढवून मिळते, याहून अधिक नाही.

दूधयंत्राने काढल्या जाणाऱ्या मोठ्या गोठ्यांत तर धारेचाच प्रश्न येतो. वीस गाईंची धार हाताने काढण्याची सवय नव्या पिढीला नाही, आणि धार लांबली की कासदाहाचा धोका वाढतो.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज लागते. दहा गाईंचे सहाशे-सातशे लिटर पाणी विहिरीतून पोहऱ्याने शेंदायचे, तर ते काम घरात कोणाच्या वाट्याला येते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. यावर उपाय साधा आहे. उंचावर बांधलेली टाकी रोज सायंकाळी भरून ठेवली तर पाणी स्वतःच्या उताराने खाली येते. हंगामाच्या प्रारंभी, आकाश भरून आल्यावर टाकी भरणे ही सवय जनित्रापेक्षा स्वस्त आहे. सौर कृषिपंप असलेला शेतकरी या काळात सुस्थितीत असतो, कारण त्याचा पंप वाहिनीवर अवलंबून नाही. ढग विरताच त्याच्या विहिरीवरून आसपासच्या वस्त्यांना पाणी देता येते.

घरातील साठवलेली वीज

घरगुती इन्व्हर्टरविषयी अनेक गैरसमज आढळतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज असते. पण बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही आणि रूपांतरात काही वीज वाया जाते. त्यामुळे हाती एक ते सव्वा युनिट एवढीच लागते. ७५ वॉटचे दोन जुने पंखे व तीन-चार एलईडी दिवे सतत चालवल्यास ती सहा-सात तासांत संपते. दिवसा पंखे बंद ठेवून केवळ दिवे आणि मोबाइल यांच्यासाठी ती राखली, तर तीन-चार रात्री पुरू शकते. फ्रिज तिच्यावर चालवणे हा अपव्यय होय.

छतावरील सौर पॅनेल असलेल्या कुटुंबाला दुसराच अनुभव येतो. ऊन पडलेले असूनही घरात वीज नसते. ग्रिडला जोडलेली सौर यंत्रणा बाहेरचा पुरवठा बंद होताच आपोआप बंद होते. तसे झाले नाही तर तिची वीज वाहिनीत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतेल. खंडित काळात वीज हवी असेल तर बॅटरीसह असलेली हायब्रिड यंत्रणा बसवावी लागते, ही गोष्ट खरेदीच्या वेळीच समजून घेणे इष्ट. जनित्राच्या बाबतीतही हाच धोका संभवतो. चेंजओव्हर स्विच न बसवता जनित्र घराच्या वायरिंगला जोडल्यास वीज रोहित्रातून उलट जाऊन उच्चदाबाने बाहेर पडते आणि बंद समजून हाताळलेली तार जिवंत निघते. जनित्र बंद खोलीत वा गोठ्यात चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पुरवठा परत येतो त्या क्षणीही एक अडचण दडलेली असते. शेतीपंपांना बसवलेले ऑटोस्विच वीज येताच सारे पंप एकदम सुरू करतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते. त्या भाराने फ्यूज जातो किंवा रोहित्र जळते आणि दोन दिवसांनी आलेली वीज दहा मिनिटांत पुन्हा जाते. ऑटोस्विच काढून पंप एकेक करून सुरू करणे, हे एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आपसांत ठरवण्याचे काम आहे. अक्षय प्रकाश योजनेच्या काळात तेवढा समजूतदारपणा गावांनी दाखवला होता.

भरपाईचा प्रश्न

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५७ नुसार वितरण कंपनीने सेवेची ठरावीक मानके पाळणे बंधनकारक आहे आणि ती न पाळल्यास ग्राहकाला भरपाई मिळू शकते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने यासंबंधी २००५, २०१४ व २०२१ मध्ये विनियम केले. त्यांत शहरी ग्राहकापेक्षा ग्रामीण ग्राहकासाठी दुरुस्तीची मुदत अधिक ठेवली गेली आहे. तसेच वादळ, पूर, वीज पडणे अशा नैसर्गिक आपत्तींत ही मानके लागू होत नाहीत. अपवाद समजण्यासारखा आहे. तथापि आपत्ती कोठे संपते आणि दिरंगाई कोठे सुरू होते, हे ठरवण्यासाठी तारीख व वेळ यांची नोंद लागते. ग्राहकाने तक्रार केवळ लाइनमनला तोंडी सांगितली असेल तर अशी नोंद राहत नाही. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवणे, पडलेला खांब व नाकारलेले दूध यांची छायाचित्रे काढणे आणि संकलन केंद्राकडून नाकारल्याची चिठ्ठी घेणे, एवढे पुरावे हाती असतील तर वस्तीवरील चार घरांचेही म्हणणे ग्राहक तक्रार निवारण मंचासमोर मांडता येते.