न तळता डोनट

डोनट आवडतो, पण तळणीचे तेल नको, अशांसाठी ओव्हनचा पर्याय आहे. मात्र तळणाचेच पीठ ओव्हनमध्ये ठेवले, तर डोनट कोरडा आणि चिवट होण्याची भीती असते. गरम तेलात डोनट दोन-तीन मिनिटांत तयार होतो. ओव्हनमधली हवा उष्णता सावकाश पोहोचवते आणि तेवढ्या वेळात पिठातील ओलावा उडतो. म्हणूनच पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवे.

२५० ग्रॅम मैद्यात चमचाभर इन्स्टंट यीस्ट, ३० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि १६० मिलिलिटर कोमट दूध घालावे. दूध कढत असल्यास यीस्ट मरते. ४० ग्रॅम मऊ लोणी थोडे थोडे मिसळत १० मिनिटे मळावे. पीठ हाताला चिकटेल. तरी वरून मैदा भुरभुरण्याचा मोह टाळावा. बहुतेकांचे डोनट इथेच बिघडतात! पीठ दुप्पट फुगल्यावर (मुंबईच्या उकाड्यात तासाभरात, पुण्याच्या थंडीत त्याहून उशिरा) अर्धा इंच जाड लाटावे, वाटीने गोल कापून बाटलीच्या झाकणाने मध्ये भोक पाडावे. अर्धा तास पुन्हा फुगू द्यावे. तापलेल्या ओव्हनमध्ये १९० अंश सेल्सिअसला ८ ते १० मिनिटे पुरतात.

चवीला हा डोनट गोड पावाच्या अधिक जवळचा, हे मान्य करायला हवे. शिवाय तेल वाचले तरी मैदा आणि साखर आहेच. मधुमेहींनी ‘बेक्ड’ या शब्दावर विसंबू नये. रंग फिकट सोनेरी असतानाच डोनट बाहेर काढावेत, गरम असताना वितळलेले लोणी लावून दालचिनी-साखरेत घोळवावेत आणि त्याच दिवशी संपवावेत.